मर म्हणजे झाड

मंगलचं रोजचं व्रत साधं होतं. पहाटे नळाला पाणी आलं की पहिली कळशी मागच्या अंगणातल्या औदुंबराला, मग एकशे आठ प्रदक्षिणा, मग चहा. बावीस वर्षांत त्या झाडाचं हिरवं पान तिच्या हातून तुटलेलं नव्हतं. गळालेलं पानसुद्धा पायाखाली येऊ नये म्हणून ती आधी अंगण झाडून घ्यायची. आवाज चढवून बोलणं तिनं असंच कधीतरी सोडून दिलं होतं, कुणी काशीला जाऊन एखादं फळ सोडावं तसं.

गाणगापुरात, संगमाकडं जाणाऱ्या रस्त्यावर, ती एका भक्तनिवासात कामाला होती. पुढं स्लॅबचा मोठा हॉल, त्याला लागून चार खोल्या, मागं अंगण आणि अंगणाच्या कडेला पत्र्याची एक अडगळीची खोली. यात्रेकरू येत, दोन दिवस राहत, जात. पण चार म्हातारी माणसं कायमची होती. लेकरांनी त्यांना 'महिनाभर सेवेला' म्हणून आणून सोडलं होतं आणि तो महिना काही संपत नव्हता. मालक गुलबर्ग्याला. चौघांचं जेवण, गोळ्या, अंघोळी, उठबस सगळं मंगलकडं.

निर्णा गावच्या राजूबाईंना डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण जिभेला धार होती. भागम्मा कानानं गेलेल्या, आवाजही बसलेला. अक्कम्माची फुप्फुसं निकामी झालेली. नाकात दिवसरात्र नळी आणि उशाशी विजेवर चालणारं ऑक्सिजनचं मशीन. आणि चौथे रेवणसिद्धप्पा. वय चौऱ्याहत्तर, लाईट खात्यातले जुने लाईनमन. सगळे त्यांना अप्पा म्हणत. ते मंगलला 'तंगी' म्हणत, म्हणजे धाकटी बहीण.

अप्पांची सगळी नोकरी म्हैसूरकडं झालेली, त्यामुळं त्यांची कन्नड इकडच्या माणसाला उपरी वाटायची. या भागात झाडाला 'गिडा' म्हणतात. अप्पा 'मर' म्हणत.

"नव्या माणसाला ह्यो बाबा झाड दाखवतोय आन् म्हणतोय, मर, मर," राजूबाई सांगायच्या. "लातूरची बाई परवा अर्ध्या ताटावरून उठून गेली."

"मर म्हंजे झाड, अक्का."

"तुमच्यात आसंल. आमच्यात मर म्हंजे मर."

यावर अक्कम्मा नळीतूनच हसायची आणि तिला ठसका लागायचा. मग मंगल सगळ्यांवर डोळे वटारायची. तिचं रागावणं तेवढंच.

चैत्रात अप्पांनी तिला अंगणात नेऊन वर बोट दाखवलं होतं. "ह्या मराची ती फांदी बग. पत्र्याच्या खोलीवर लोळायलीय. आतून पोकळ हाय. मी उभ्या नोकरीत हेच केलं, पावसाळ्याच्या आधी फांद्या छाटायच्या. वळवाच्या वाऱ्याला ही खाली यायची."

"औदुंबर हाय, अप्पा."

"औदुंबर हाय म्हणून वजन कमी हाय का?"

त्यांनी मालकाला फोन केला. मालकानं कुऱ्हाडवाला माणूस पाठवला. मंगल झाडाला पाठ लावून उभी राहिली. भांडली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, "आधी माझ्यावर चालवा." माणसानं विडी ओढली, थोडा वेळ वाट बघितली आणि निघून गेला. त्या दिवशी मंगल जेवली नाही. अप्पाही जेवले नाहीत, पण ते रागानं.

वैशाखातल्या एका गुरुवारी सकाळी मोबाईलवर निरोप आला. दुपारी वादळ, मोठ्या गारा, वीज जाईल, म्हाताऱ्या माणसांना पत्र्याखाली ठेवू नका. मंगलनं निरोप दोनदा वाचला आणि कामाला लागली. चौघांच्या गाद्या हॉलमध्ये आणून खिडक्यांपासून लांब, मधल्या भिंतीला लावल्या. हंडे भरून ठेवले. गोळ्यांच्या चार पुड्या करून प्रत्येकीवर नाव घातलं. मोबाईल चार्जिंगला लावला. भागम्माच्या गळ्यात शिट्टी अडकवली, कारण त्यांना हाक ऐकू येत नव्हती आणि देताही येत नव्हती.

"सिलिंडर बी आत आण," अप्पा म्हणाले. "लाईट गेली की मशीन गेलं. इन्व्हर्टरवर पंखे चालतेत, ते न्हाई चालत."

लाईट गेली तर असावा म्हणून ठेवलेला ऑक्सिजनचा सिलिंडर मागं पत्र्याच्या खोलीत होता. हॉलमध्ये दत्ताच्या फोटोपुढं मंगलची समई तेवत होती, अखंड. बारा वर्षं ती तिनं मालवू दिली नव्हती.

"दिवा हाय ना इथं," ती हळूच म्हणाली.

"मग दिवा शांत कर. जाळ आन् ऑक्सिजन एका जागी नको."

तिनं समईकडं बघितलं. मग मागच्या दाराकडं. "लाईट गेली की लगीच आणते. वीस पावलं तर हायत."

अप्पांनी बोटानं हवेत वीस पावलं मोजल्यासारखं केलं आणि आडवे झाले.

वारा बाराच्या पुढं आला. आधी धूळ, तांबडी, दात करकरतील अशी. मग रस्त्यावरचे नारळाच्या दुकानांचे पत्रे सुटले. एक पत्रा फिरत आला आणि समोरच्या गोठ्यातल्या वासराच्या मानेवर बसला. वासरू ओरडलंही नाही. लोक जिकडं दार दिसेल तिकडं पळत होते. अहमदपूरकडचे उद्धवराव आपल्या दहा-अकरा माणसांना घेऊन हॉलमध्ये घुसले आणि मागोमाग गारा आल्या. लिंबाएवढ्या, काही त्याहून मोठ्या. स्लॅबवर त्या अशा आपटत होत्या की बाजूच्या माणसाचं बोलणं कानात शिरेना.

उद्धवराव मोठं प्रस्थ होतं. पांढरी टोपी, खांद्यावर उपरणं, हातात माळ. त्यांची थोरली सून अंजू हिला बाहेरची बाधा आहे म्हणून ते तिसऱ्यांदा गाणगापूरला आले होते. दुपारची आरती सुरू झाली की अंजू ओरडायची, खांब धरून घुमायची. घरचे अशा माणसाला झाड म्हणत. "आमचं झाड," ते सांगत, "लई जड हाय." अंजू ते ऐकत खाली बघून बसायची.

साडेबाराला लाईट गेली.

मशीनची घरघर थांबली आणि ते एकदम सगळ्यांना ऐकू आलं, एवढ्या गारांतही. अक्कम्माचे डोळे मोठे झाले. मंगलनं तिला पाठीमागून उचलून बसवलं, उशा लावल्या, स्वतःच्या छातीवर टेकवून घेतलं. "हळू. नाकानं आत, तोंडानं बाहेर. माझ्यासंगं घे." अक्कम्माचा दम कुत्र्यासारखा चालला होता; तो जरा बसला की सिलिंडर आणायचा, असं मंगलनं ठरवलं.

"मी बगतो," अप्पा म्हणाले आणि उठले.

लाईट गेली की अप्पा पुढच्या दारातल्या मीटरकडं जायचे. सवयच होती. मंगलला वाटलं, मीटरकडंच निघाले. तिच्या कुशीत अक्कम्मा होती, मान वळवून बघायला सवड नव्हती. अप्पांनी स्वयंपाकघरातलं मोठं पातेलं डोक्यावर पालथं घातलं आणि मागच्या दारानं गेले, हे फक्त भागम्मांनी बघितलं. त्यांनी शिट्टी वाजवली नाही. त्यांना वाटलं, मंगलनंच पाठवलं असेल.

एक मोठी वीज पडली. जमीन हलली. फोटोतले महाराज भिंतीवर तिरके झाले. समई मात्र हलली नाही, आणि मंगलनं मनातल्या मनात हात जोडले.

मग आवाज आला.

तो मागून येत होता, गारांच्या आणि वाऱ्याच्या पलीकडून. जाडा, फाटलेला, ओळखू न येणारा. पुढचे शब्द वाऱ्यात तुटून जात होते. पोचत होतं ते एवढंच.

"मर...! मर...!"

एका बाईनं लेकराचे कान झाकले.

"कोण हाय ते?"

"आरतीची वेळ हाय," उद्धवराव म्हणाले. "कुणाचं तरी झाड बोलायलंय. मर म्हणायलंय, ऐकलंव का? शाप द्यायलंय."

"आपलं झाड तर हितं बसलंय," कुणीतरी अंजूकडं बघून म्हणालं.

"गावात काय एकच झाड हाय का? उत्तर देऊ नका. झाड बोलतंय तवा मधी जाऊ नये, उतरून दुसऱ्याला धरतंय. नाव घ्या." उद्धवराव उठले आणि त्यांनी मागच्या दाराची कडी घातली.

"धरलं...! मर...!"

मंगलनं डोळे मिटले. बावीस वर्षं ती या गावात दुपारच्या किंकाळ्या ऐकत आली होती. त्या ऐकून तिचा हात पोळी लाटताना थांबत नसे. तिनं गळ्यातली माळ ओढली आणि एका हातानं अक्कम्माचं छातीचं हाड चोळत दुसऱ्या हातानं जप सुरू केला. मणी सरकत होते. आवाज येत होता. मग दोन आवाजांमधलं अंतर वाढत गेलं. तिला वाटलं, जपाचा गुण आला. पूर्ण एकशे आठ मणी झाले तेव्हा अक्कम्माचे ओठ जांभळे पडले होते.

"अप्पा," मंगलनं पुढच्या दाराकडं बघत हाक मारली, "अक्कम्माला धरा, मी सिलिंडर आणते."

पुढच्या दारात कुणी नव्हतं.

"ते झाड न्हाई," अंजू म्हणाली.

खांबाला टेकून बसलेली अंजू पहिल्यांदाच बोलत होती. तिचा आवाज अगदी साधा होता, भाजीला मीठ कमी आहे म्हणावं तसा. "माझं ओरडणं मला ठाऊक हाय, मामंजी. ते आतून येतंय. हे कुणीतरी वरून दाबल्यावानी हाय. माणूस हाय ते. मरायलंय."

उद्धवरावांनी तिच्या थोबाडीत मारली. हात असा बसला की तिचं डोकं खांबावर आपटलं. "तुला विच्यारलं का कुणी?"

त्याच क्षणी राजूबाईंनी आंधळे डोळे छताकडं करून विचारलं, "आगं मंगल, आपला मर-मरवाला बाबा कुठं हाय?"

मंगलच्या हातातून माळ खाली पडली.

मर. मर म्हणजे झाड.

तिनं अक्कम्माला राजूबाईंच्या मांडीवर टेकवलं. "ताठ धरा हिला. पाठ वाकू देऊ नका." आणि मागच्या दाराकडं धावली. कडीवर उद्धवरावांचा हात होता. तिनं तो हात उचलून बाजूला केला, देवघरातली वस्तू हलवावी तसा, आणि दार उघडलं.

पहिली गार कपाळावर बसली. दुसरी खांद्यावर. रक्त डोळ्यात उतरलं. अंजू मागोमाग आली होती, डोक्यावर गादीची गुंडाळी घेऊन. तिनं अर्धी गुंडाळी मंगलवर धरली. वीस पावलं. अंगण गारांनी पांढरं झालं होतं, पाय ठरत नव्हता. औदुंबराची ती फांदी पत्र्याच्या खोलीत घुसली होती. खोली मधोमध बसली होती, लाथ मारलेल्या डब्यासारखी. फांदीवर विजेची तार पडलेली.

आत अप्पा उताणे होते. फांदीचा जाड बुडखा त्यांच्या डाव्या पायावर, गुडघ्याच्या खाली. पाय तिथून पुढं पाय राहिला नव्हता. पातेलं चेपून एका कोपऱ्यात. छातीशी त्यांनी सिलिंडर कवटाळला होता, नळी आणि ऑक्सिजन मोजायच्या मीटरसकट.

"अप्पा."

"आलीस." ओठ हलले. "तारंला हात लावू नको. लाईट गेली म्हंजे तार मेली आसं न्हाई. कुणी जनरेटर लावला की ती जित्ती होती. लांबून ये. त्या बाजूनं."

"मला वाटलं, कुणाचं तरी..."

"आधी हे ने." त्यांनी सिलिंडर ढकलला. "मी हितंच हाय. कुठं जायलोय?"

दोघींनी सिलिंडर ओढला. उचलवत नव्हता, गारांवरून घसरत, आदळत नेला. एक पत्र्याचा तुकडा येऊन अंजूच्या दंडावर बसला आणि मांस उघडं पडलं. तिनं बघितलं, पण हात सोडला नाही. हॉलमध्ये येताच मंगल समईकडं गेली. बारा वर्षांची ज्योत तिनं दोन बोटांनी चिमटली. कातडी भाजल्याचा वास आला. मग सिलिंडरला चावी लावली, फिरवली. त्याच्या मीटरमधली गोळी वर उडाली, ती दोनच्या आकड्यावर आणून थांबवली. नळी अक्कम्माच्या नाकात. अक्कम्माची नखं राजूबाईंच्या मनगटात रुतली होती, तिथून रक्त येत होतं.

"घे माय," राजूबाई म्हणत होत्या. "घे, घे. माझी साल ने लागली तर. पर घे."

चार श्वास. पाच. सहाव्या श्वासाला अक्कम्माची मान हलली, होकारासारखी. कुणीतरी १०८ला फोन लावला होता. अफजलपूरहून गाडी निघते, पण रस्त्यात झाडं पडलीत, म्हणाले. दोन तास, तीन तास, सांगता येत नाही.

मंगल स्वयंपाकघरात गेली. बंबाची लाकडं फोडायची कुऱ्हाड कोपऱ्यात होती. ती घेऊन बाहेर आली तर दारात उद्धवराव.

"कुठं?"

"फांदी तोडायला."

"औदुंबर हाय तो."

"व्हय."

"महाराज बसत्यात त्याच्याखाली. त्याला लोखंड लावायलीस? तू बाई हायस का कोण हायस? गाडी यायलीय. यंत्रं आणतेत ते लोक. सगळे मिळून उचलू."

"सगळे हितंच बसलेत, मामा. बाजूला व्हा."

"माझ्या देखत न्हाई होऊ द्यायचं. सगळ्यांना भोगावं लागंल."

"बाजूला व्हा, मामा."

त्यांनी तिचं मनगट धरलं आणि पिरगाळलं. हाड कुठंतरी वाजलं. बायका उठल्या, बसल्या. कुणी मध्ये आलं नाही. मंगलनं तिसऱ्यांदा तेच म्हटलं, तेवढ्याच आवाजात, "बाजूला व्हा." आणि मग दुसऱ्या हातानं कुऱ्हाडीचा दांडा उलटा करून त्यांच्या जबड्यावर मारला.

आवाज ओल्या लाकडासारखा आला. उद्धवराव चौकटीला धरून खाली बसले. तोंडातून रक्त आणि एक दात. टोपी लांब पडली. हॉलमध्ये एवढी माणसं होती, पण त्या वेळी फक्त भागम्माची शिट्टी वाजली. त्यांना काही ऐकू येत नव्हतं, पण दिसत सगळं होतं.

अंजूनं खाली वाकून सासऱ्याच्या खांद्यावरचं उपरणं ओढून घेतलं आणि मंगलच्या मागं निघाली.

गारा थांबून आता पाऊस लागला होता, आडवा, चाबकासारखा. अप्पांचे डोळे अर्धे मिटले होते. मंगलनं त्यांच्या गालावर चापट मारली.

"अप्पा. कुठं मारू?"

डोळे उघडले. मग त्या चेहऱ्यावर काहीतरी फिरून आलं, खांबावर चढलेल्या माणसाचं भान असावं तसं. "आधी मांडी बांध. घट्ट. आजून. फांदी सुटली की रक्त सुटतंय." अंजूनं उपरण्याची गाठ मारली, त्यात तिथंच पडलेली जाड काटकी अडकवून पीळ दिला. अप्पा ओरडले. "आता बुडख्याच्या अलीकडं मार. वरून. खालून मारलीस तर फांदी बसंल माझ्यावर. तारंकडच्या बाजूला जाऊ नको."

मंगलनं कुऱ्हाड उचलली. डाव्या मनगटात बळ नव्हतं.

"तंगी," अप्पा म्हणाले. "मर हाय ते. माफ करतंय."

पहिला घाव सालीत गेला. पांढरा चीक बाहेर आला, दुधासारखा, दाट, आणि पावसात वाहत अप्पांच्या मांडीवर गेला. तिथं तो लाल झाला. दुसरा घाव. तिसरा. दर घावाला फांदी हलत होती आणि दर हलण्याला अप्पा किंचाळत होते, आणि मंगल थांबत नव्हती. ती मोजत होती. सवयीनं तोंडात आकडे येत होते, प्रदक्षिणेचे. एकोणीस, वीस, एकवीस. चीक तिच्या तोंडावर उडत होता, डोळ्यात गेला, डोळे जळायला लागले. अंजूनं कुऱ्हाड घेतली, तिच्या फाटक्या दंडातून रक्त कोपरावर येत होतं, तरी ती हाणत होती, तोंडानं हुं हुं करत, आणि त्या आवाजात कुणाचंही भूत नव्हतं. मग परत मंगल. चाळीस. एकेचाळीस. आतून फांदी पोकळच होती, अप्पा म्हणाले होते तशी, पण कडा लोखंडासारखी. त्रेसष्टाव्या घावाला ती मोडली.

तेव्हा उद्धवरावांची माणसं आली. चार जण, गप्प, डोक्यावर पोती घेऊन. त्यांनी बुडखा उचलला. पाचवा माणूस एका हातानं जबडा धरून दारापर्यंत आला आणि तिथंच थांबला.

अप्पांचा पाय बघून एका पोक्त माणसाला उलटी झाली.

गाडी साडेचारला आली. तोपर्यंत सिलिंडर अर्ध्यावर आला होता. गाडीवाल्यांनी दुसरा दिला. त्यांनी अप्पांना आणि अंजूला नेलं. अंजूच्या दंडाला टाके घालायचे होते. तिच्या नवऱ्याला सोबत जा म्हणाले तर तो बापाकडं बघायला लागला. "मी एकटी जाते," अंजू म्हणाली आणि गाडीत चढली. दार लागताना तिनं मंगलकडं बघून विचारलं, "माजं काय झालं वो आज? आरती झाली आन् मला काहीच झालं न्हाई."

"हाताला जप," मंगल म्हणाली.

लाईट दुसऱ्या दिवशीही आली नव्हती; मालकानं आणखी सिलिंडर पाठवले होते. शनिवारी पहाटे, अजून अंधार फिटायचा होता, तेव्हा मोबाईल वाजला. गुलबर्ग्याच्या दवाखान्यातून, कुणाच्या तरी फोनवरून. आवाज खोल गेलेला, पण त्यांचाच.

"तंगी. अक्कम्मा?"

"हाय. आत्ताच दूध घेतलं."

"समई लावलीस का?"

"सिलिंडर हाय तवर न्हाई."

"माझी बी छाटणी झाली. डाव्या बाजूची फांदी, गुडघ्यापासनं." श्वास. "चैत्रात केली आसती तर एकाचीच करावी लागली आसती."

मंगलनं फोन कानाला तसाच धरून ठेवला. फोन ठेवताना ते म्हणाले, "दुसरी बी हाय. हॉलच्या खिडकीवर आलेली. बगितलीस का?"

नळाला पाणी नव्हतं. तिनं हंड्यातली एक कळशी घेतली आणि अंगणात गेली. गारांनी झाडाची सगळी पानं उतरवली होती; झाडायला गेलं तर अंगणभर पानंच. जखमेवर चीक वाळून पिवळा झाला होता. तिनं पाणी घातलं. कुंकू लावलं. मग स्टूल आणलं, कमरेला पदर खोचला आणि कुऱ्हाड उचलली. मनगटाला चिंधी बांधलेली होती.

मागच्या दारात उद्धवराव उभे होते. जबडा सुजून एका बाजूला आला होता. त्यांची माणसं निघायच्या तयारीत होती. जीप रस्त्यावर सुरू होती. ते बराच वेळ झाडाकडं बघत राहिले.

"प्रदक्षिणा घालायच्या का आता ह्याला?" त्यांनी विचारलं. शब्द नीट निघत नव्हते.

"घालायच्या."

"आन् ते?" त्यांनी कुऱ्हाडीकडं बोट केलं.

"ते आधी," मंगल म्हणाली आणि स्टुलावर चढली. "मामा, जरा मागं सरका. हिकडं पडंल."

ते मागं सरकले.